चौंडीची लेक, टोकियोची राजकन्या आणि आपल्या गावचे हक्कसोड पत्र

जामखेड तालुक्यातले चौंडी हे सीना नदीकाठचे गाव. ६ मे २०२५ रोजी राज्याचे मंत्रिमंडळ या गावात बैठकीला आले. निमित्त होते अहिल्याबाई होळकर यांच्या त्रिशताब्दी जयंतीचे. ३१ मे १७२५ रोजी याच गावात, माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी त्यांचा जन्म झाला. या बैठकीत चौंडीच्या स्मृतिस्थळाच्या विकासासाठी ६८१ कोटी ३२ लाख रुपयांचा आराखडा मंजूर झाला. त्याआधी जिल्ह्याचे नावही बदलले. ३१ मे २०२३ रोजी चौंडीच्या व्यासपीठावरून घोषणा झाली, मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून अहमदनगरचे अहिल्यानगर झाले.

दुसरी बातमी दूरची आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये जपानच्या सम्राटाची एकुलती एक मुलगी, राजकन्या आयको, लाओसच्या दौऱ्यावर गेली. एकटीने केलेला तिचा हा पहिलाच अधिकृत परदेश दौरा. लाओस हा बौद्ध देश, त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच जणांनी ते फोटो कौतुकाने एकमेकांना पाठवले. फोटोत दिसणारी ही तरुणी पुढे जपानच्या गादीवर बसू शकत नाही, हे मात्र फार थोड्यांना माहीत होते. कारण एकच, ती मुलगी आहे.

या दोन बातम्या शेजारी ठेवून वाचाव्यात असे आम्हाला वाटते. राजघराण्यातल्या बाईला मान मिळतो, कर्तव्येही मिळतात. अधिकार मिळतो का? आणि हाच प्रश्न जामखेड तालुक्यातल्या साध्या शेतकरी, मजूर घरातल्या बाईबद्दल विचारला तर काय उत्तर येते?

मान आहे, वारसा नाही

आयकोचा जन्म १ डिसेंबर २००१ चा. मार्च २०२४ मध्ये तिने गाकुशुइन विद्यापीठातून पदवी घेतली आणि एप्रिलपासून जपानी रेडक्रॉस संस्थेत नोकरी धरली. नोकरी सांभाळून ती राजघराण्याची सार्वजनिक कामे करते. तिची चुलत बहीण राजकन्या काको सांकेतिक भाषा जाणते आणि मूकबधिरांच्या संस्थेशी जोडलेली आहे. भूकंपग्रस्तांची विचारपूस, रुग्णालयांना भेटी, परदेशी पाहुण्यांचे स्वागत अशी या मुलींची वर्षभराची कामे असतात. राजघराण्यात आता जेमतेम सोळा माणसे उरली आहेत आणि त्यात बायकांची संख्या जास्त आहे. म्हणजे घराण्याची सार्वजनिक कामे मोठ्या प्रमाणात बायकाच ओढतात.

कायदा मात्र वेगळेच सांगतो. १९४७ च्या राजघराणे कायद्यानुसार गादीचा वारसा फक्त पुरुषाला, तोही पुरुषाच्याच वंशातल्या. राजकन्येने राजघराण्याबाहेर लग्न केले की तिचे राजघराण्यातले स्थान संपते. राजपुत्राने सामान्य घरातली मुलगी केली तर ती मुलगी राजघराण्यात येते. ऑक्टोबर २०२१ मध्ये राजकन्या माको हिने कॉलेजातल्या मित्राशी लग्न केले. घराण्यातून बाहेर पडणाऱ्या मुलीला सरकार मोठी रक्कम देते. तिने ती नाकारली आणि नवऱ्यासोबत अमेरिकेला निघून गेली. राजघराण्यातल्या लोकांना आडनाव नसते, मतदानाचा हक्कही नसतो. माकोला या साध्या गोष्टी राजकन्यापण सोडल्यावर मिळाल्या.

'ही परंपराच आहे' असे तिथले लोक सांगतात. इतिहास तसे सांगत नाही. जपानमध्ये आजवर आठ स्त्रिया सम्राटपदावर बसल्या. त्यातली पहिली सुइको, इ. स. ५९२ ते ६२८. तिच्या कारकिर्दीत बौद्ध धम्माला राजाश्रय मिळाला. शेवटची गो-साकुरामाची, १७६२ ते १७७०च्या सुमारापर्यंत. याच काळात, १७६७ मध्ये, चौंडीची लेक माळव्यात होळकरांचा कारभार हाती घेत होती. बायकांना गादीवरून कायद्याने दूर केले ते १८८९ मध्ये, म्हणजे जपान 'आधुनिक' होत असताना. जुनी म्हणून सांगितलेली बंदी जेमतेम सव्वाशे-दीडशे वर्षांची निघते. आपल्याकडच्या कितीतरी रूढींचेही असेच आहे.

२००५ मध्ये जपान सरकारच्या तज्ज्ञ समितीने मुलींनाही वारसा द्यावा अशी शिफारस केली होती. २००६ मध्ये घराण्यात मुलगा, राजपुत्र हिसाहितो, जन्मला आणि शिफारस बासनात गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्त्रियांवरील भेदभाव दूर करण्यासाठीच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या समितीने हा कायदा बदलण्याची सूचना केली, ती जपानने मानली नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये साने ताकाइची यांच्या रूपाने देशाला पहिली महिला पंतप्रधान मिळाली. पण गादीचा वारसा पुरुष वंशातच राहावा, अशीच त्यांचीही भूमिका आहे. उच्च पदावर बाई बसली म्हणजे बाईचा प्रश्न सुटला असे होत नाही, याचे एवढे ताजे उदाहरण दुसरे सापडणार नाही.

इथे एक गोष्ट आठवते. कोसलचा राजा प्रसेनजित तथागतांजवळ बसलेला असताना राणी मल्लिकेला मुलगी झाल्याची वार्ता आली. राजाचा चेहरा उतरला. मुलगीही मुलापेक्षा सरस निघू शकते, असे तथागतांनी त्याला सांगितल्याचे संयुत्त निकायात नोंदले आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी राजाला दिलेला तो उपदेश आजच्या जपानच्या संसदेलाही लागू पडतो आणि आपल्या वस्तीलाही.

अहिल्याबाईंना अधिकार कसा मिळाला

आयकोला काम आहे, सत्ता नाही. अहिल्याबाईंना काम आणि सत्ता दोन्ही मिळाले. ते कसे घडले हे नीट पाहिले पाहिजे, कारण जयंतीच्या भाषणांत नेमके तेच गळते.

मल्हारराव होळकरांचा मुलगा खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात मारला गेला. अहिल्याबाई सती जायला निघाल्या, मल्हाररावांनी त्यांना थांबवले. ही गोष्ट सगळे सांगतात. त्याच्या मागचे कमी सांगितले जाते. मल्हाररावांनी सुनेला कारभारात घेतले होते. ते मोहिमेवर असताना वसुली, रसद, दारूगोळा यांची व्यवस्था त्या पाहत. १७६५ मधल्या पत्रात मल्हाररावांनी त्यांना तोफखान्याची कामे नेमून दिलेली दिसतात. म्हणजे गादी मिळण्याच्या आधी त्यांना काम शिकायला मिळाले होते.

१७६६ मध्ये मल्हारराव गेले. १७६७ मध्ये मुलगा मालेराव गेला. घरात कर्ता पुरुष नाही असे पाहून राघोबादादा आणि दिवाण गंगाधर यशवंत यांनी दौलतीवर डोळा ठेवला. अहिल्याबाईंनी फौजेची तयारी केली, इतर सरदारांशी पत्रव्यवहार केला आणि पेशवे माधवराव यांच्याकडून कारभाराची मान्यता मिळवली. तुकोजी होळकरांकडे फौज दिली, राज्यकारभार स्वतःकडे ठेवला. ही व्यवस्था १३ ऑगस्ट १७९५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, अठ्ठावीस वर्षे टिकली.

त्या काळात त्यांनी केलेल्या मंदिरांची यादी आपल्याला पाठ आहे. काशी विश्वनाथाचे मंदिर, गयेचे विष्णुपद मंदिर, सोमनाथ. या यादीत विहिरी, बारवा, घाट, धर्मशाळा आणि अन्नछत्रेही आहेत. महेश्वरला विणकर आणून वसवले, त्यातून महेश्वरी साडीचा धंदा उभा राहिला आणि तो आजही चालू आहे. डोंगरातल्या भिल्लांना नुसते दंड देत बसण्याऐवजी वाटसरूंच्या रक्षणाची जबाबदारी आणि त्याबदल्यात 'भिलकवडी' नावाचा कर घेण्याचा हक्क दिला. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे निपुत्रिक विधवेची मालमत्ता सरकारजमा करण्याची पद्धत त्यांनी मोडली. विधवेला ती स्वतःकडे ठेवता यावी, दत्तक घेता यावे, असे धोरण ठेवले.

स्वतः विधवा असलेल्या बाईच्या हाती सत्ता आल्यावर तिने इतर विधवांच्या मालमत्तेचा विचार केला, हे आजच्या भाषणांत पहिल्या वाक्यात यायला हवे. ते शेवटच्या वाक्यातही येत नाही.

सत्तेला जिथे थांबावे लागले

अहिल्याबाईंची मुलगी मुक्ताबाई. १७९१ मध्ये तिचा नवरा यशवंतराव फणसे वारला. मुक्ताबाई सती गेली. आईने विनवण्या केल्या, उपयोग झाला नाही. ज्या बाईला सासऱ्याच्या शब्दाने चितेपासून परत आणले, तिला राज्याची सूत्रे हाती असूनही पोटच्या मुलीला परत आणता आले नाही.

याकडे केवळ दुःखद प्रसंग म्हणून पाहू नये. समाजशास्त्राच्या दृष्टीने त्यात मोठा धडा आहे. दौलत, फौज, खजिना ताब्यात असणे ही एक सत्ता. बाईने कोणाशी लग्न करावे, नवरा मेल्यावर कसे जगावे किंवा जगावे की नाही, हे ठरवणारी दुसरी सत्ता जातीची आणि रूढीची. पहिली मिळाली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही.

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात जातीवरचा निबंध वाचला तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. जातीचा गाभा म्हणजे जातीतच लग्न, आणि ते बंधन टिकवण्यासाठीच सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढी वापरल्या गेल्या, अशी मांडणी त्यांनी त्यात केली. बाईवरचा ताबा हे जातीचे कुंपण आहे, ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी त्यांनी दाखवून दिली. जपानच्या कायद्यातले लग्नाचे कलम वाचताना हा निबंध आठवल्याशिवाय राहत नाही. तिथे जात नाही, पण घराण्याचे रक्त पुरुषाच्या बाजूनेच वाहते हे ठरवण्यासाठी मुलीच्या लग्नावर कुंपण आहे.

आणि जामखेड तालुक्यात? याच तालुक्यातले खर्डा गाव १७९५ च्या मार्चमध्ये मराठे आणि निजाम यांच्या लढाईने इतिहासात गेले. २८ एप्रिल २०१४ रोजी त्याच खर्ड्यात आपल्या समाजाच्या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याचा खून झाला. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो, एवढाच त्याच्यावर संशय होता. त्याचे नाव इथे लिहायची गरज नाही, वाचकांना ते ठाऊक आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले, कारण साक्षीदार फितूर झाले होते. आपण त्या घटनेकडे दलित अत्याचार म्हणून पाहतो आणि ते बरोबरच आहे. पण त्यात एक मुलगीही होती. तिने कोणाशी बोलावे हे गावाने ठरवले होते. अहिल्याबाईंचा तालुका म्हणून अभिमान सांगणाऱ्या प्रत्येकाने या गोष्टीचेही उत्तर द्यायला हवे.

सरपंच बाई आणि राजकन्या

आता गावपातळीवर येऊ. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. आज अनेक गावांत सरपंच बाई आहे. झेंडावंदन तिच्या हस्ते, हारतुरे तिला, सही तिची. ग्रामसभेत मात्र बोलतो तिचा नवरा, ठेकेदाराचा फोनही त्यालाच येतो. जपानच्या राजकन्येची स्थिती यापेक्षा फार वेगळी नाही. मान, हजेरी आणि फोटो तिचे, निर्णय दुसऱ्याचा.

याला उत्तर देणारा एक प्रयोगही जामखेडनेच जगाला दिला. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी इथे सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या बायका निवडून त्यांना आरोग्यसेविका केले. त्यात दलित बायका होत्या, अक्षरओळख नसलेल्या होत्या. बाळंतपण, लसीकरण, पाणी, पोषण यांची कामे त्या शिकल्या. ज्या घरांत त्यांना उंबरठ्याबाहेर उभे केले जात होते, त्याच घरांत बाळंतिणीसाठी त्यांना आत बोलावणे येऊ लागले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मल्हाररावांनी सुनेच्या बाबतीत जे केले तेच इथे घडले. आधी काम शिकवले, मग कामातून अधिकार आला. नुसते पद देऊन अधिकार येत नाही, कामाचे ज्ञान आणि त्या कामावरचा ताबा दिला तर येतो. सरपंच बाईला प्रशिक्षण, बँक खात्याची माहिती, अंदाजपत्रक वाचता येणे या गोष्टी मिळाल्या, तर नवऱ्याला बाजूला व्हावेच लागते. आम्ही काम करतो त्या गावांत असे घडताना पाहिले आहे, थोडे घडते पण घडते.

हक्कसोड

आता मुद्द्याचे. जपानची राजकन्या लग्न करून घराबाहेर पडली की तिचा हक्क कायद्याने जातो. आपल्याकडे कायदा उलटा आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, तोही अविवाहित मुलींपुरता. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने तो विवाहित मुलींसह सगळ्यांना मिळाला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की वडील २००५ च्या आधी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही. हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे, हे अनेक समाजबांधवांना माहीत नसते, म्हणून मुद्दाम लिहितो.

कायद्याने दिलेला हा हक्क मुली स्वतःच्या सहीने परत करतात. वडील वारले की वारसनोंद होते, बहिणींची नावे सातबाऱ्यावर चढतात. मग भाऊ बहिणींना तालुक्याला नेतो, दुय्यम निबंधक कार्यालयात हक्कसोड पत्रावर सह्या होतात, बहिणींना साडी-चोळी होते, जेवण होते. बहिणी सही का करतात, असे आम्ही विचारतो तेव्हा उत्तर बहुतेक एकच असते, माहेर तुटू नये म्हणून. सणाला जायला एक दार उघडे राहावे, नवऱ्याने हाकलले तर पाठ टेकायला जागा राहावी, एवढ्यासाठी ती आपल्या हिश्श्याची जमीन सोडते. ज्या बाईला खरेच नवरा हाकलतो, तिला मग कळते की सातबाऱ्यावर नाव नसलेल्या घरात आपण पाहुण्या आहोत.

जामखेड हा दुष्काळी तालुका. इथून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे आहेत. जमीन थोडी आणि कोरडवाहू, तिचे तुकडे काय करायचे, असा भावांचा युक्तिवाद असतो. तो अगदीच खोटा नाही. पण दोन भावांत तुकडे करताना तो कोणी मांडत नाही, बहीण आली की आठवतो.

आणि हे फक्त इतर समाजांत चालते असे समजू नये. आपल्या वस्तीतही हेच होते. महार वतनाच्या जमिनी मिळवण्यासाठी आपल्या आज्या-पणज्यांनी मोर्चे काढले, त्याच जमिनीवर आज नातींची नावे राहत नाहीत. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात मुलीला वारसा, विधवेला संपूर्ण मालकी मिळावी म्हणून वर्षानुवर्षे झगडा केला. ते बिल रखडवले गेले, आणि १९५१ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले, त्याच्या प्रमुख कारणांत हे एक होते. ज्या हक्कासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले, तो हक्क त्यांच्या जयंतीची वर्गणी देणारा भाऊ बहिणीकडून साडीवर सोडवून घेतो. हे कडू आहे, पण खरे आहे.

मग काय करायचे

चौंडीला स्मारक व्हावे, त्याला आमचा विरोध नाही. पण ६८१ कोटींच्या आराखड्यासोबत तालुक्यासाठी एक साधा कार्यक्रम मागायला काय हरकत आहे? तालुक्यातल्या प्रत्येक विधवेचे नाव सातबाऱ्यावर आणि घराच्या उताऱ्यावर लागले का, याची गावोगाव तपासणी करावी. नवऱ्याच्या मागे विधवा ही मुलामुलींच्या बरोबरीची पहिल्या वर्गातली वारस असते, तिला कोणाच्या मेहेरबानीची गरज नाही. 'लक्ष्मी मुक्ती' योजनेत नवऱ्याच्या हयातीतच बायकोचे नाव लावण्याची सोय १९९२ पासून आहे, ती किती गावांत वापरली गेली हे तहसीलने जाहीर करावे. मे २०२२ मध्ये हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, शासनाने तो राज्यभर नेण्याचे परिपत्रक काढले. अहिल्याबाईंच्या तालुक्यात किती ग्रामपंचायतींनी हा ठराव केला आणि किती ठिकाणी तो पाळला जातो, हेही ग्रामसभेत विचारता येईल.

आपल्या बाजूने करण्यासारख्या गोष्टी त्याहून सोप्या आहेत. वारसनोंदीच्या वेळी बहिणीचे नाव सुटले असेल तर फेरफाराच्या नोटिशीवर पंधरा दिवसांत लेखी हरकत घेता येते. हक्कसोड पत्र एकदा नोंदले की ते मागे घेणे अवघड असते, म्हणून सही करण्याआधी बहिणीने ते घरी आणून दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावे. बुद्ध विहारात रविवारी वंदना झाल्यावर महिन्यातून एकदा सातबारा, आठ-अ आणि वारसनोंद कशी वाचायची हे शिकवावे. त्यासाठी वकील लागत नाही, निवृत्त तलाठी किंवा कॉलेजात शिकणारी मुलगीही ते करू शकते. आणि भावांनी बहिणीचा हिस्सा द्यायला सुरुवात विहाराच्या पदाधिकाऱ्यांच्या घरापासून करावी.

जपानची संसद आयकोबद्दल काय ठरवते ते आपल्या हातात नाही. तिथे मुलीचा हक्क मिळवायला कायदा बदलावा लागेल. इथे तो बदलून झाला आहे, बाबासाहेबांच्या लढ्यापासून पुढे अनेकांनी तो बदलून घेतला आहे. आता उरली आहे ती सही. ती करायची की नाही, हे बहिणीने मोकळेपणाने ठरवावे आणि तिने नाही म्हटले तरी माहेरचे दार उघडे राहावे, एवढी हमी प्रत्येक भावाने आपल्या घरात द्यायची आहे.